मांजराच्या नावावर

लेकीचे दिवस भरत आले तेव्हा थोरलीने बॅग भरली आणि कोंबड्या धाकटीवर सोपवल्या.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. भिंतीला भिंत लागून दोन घरं आणि मागे दोघींचं मिळून एकच अंगण. नवरा गेल्यावर थोरलीने त्या अंगणात खुराडं बांधून घेतलं आणि हळूहळू कोंबड्यांवर आपलं घर चालवायला लागली. धाकटीचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. गल्लीत या दोघींना कुणी नावाने हाक मारत नसे. धाकटीची पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी ती धाकटीच राहिली.

तिला ते टोचायचं. थोरली वाईट होती असं नाही. आजारपणात उशाशी बसायची, चांगलंचुंगलं केलं की आधी भिंतीपलीकडे वाटी धाडायची. पण धाकटीने एखादं काम हातात घेतलं, की दोन मिनिटांत मागून आवाज यायचा, "ठेव गं, तुला नाही जमायचं. आण इकडे." लग्न होऊन आली त्या वर्षी धाकटीने एकदा दूध करपवलं होतं आणि एकदा दिरांचा सदरा इस्त्रीने जाळला होता. तेवढ्या भांडवलावर थोरलीने सगळा जन्म काढला.

म्हणून खुराड्याची किल्ली हातात पडली तेव्हा धाकटी आतून फुलून आली. थोरली मात्र नेहमीसारखीच घाईत होती.

"नीट ऐक. पिल्लं आहेत तोवर सगळ्यांना एकच खाद्य, पिल्लांचं. मोठ्यांनी लहानांचं खाल्लं तर काही बिघडत नाही. पण लहानांनी मोठ्यांचं खाल्लं तर संपलं. मोठ्यांच्या खाद्यात अंड्याच्या कवचासाठी चुना घातलेला असतो. पिल्लांच्या आतड्या-मूत्रपिंडांना तो सोसत नाही."

"मग आता मोठ्यांच्या कवचाचं काय?"

"हा बघ." थोरलीने जाळीला टांगलेली पत्र्याची वाटी दाखवली. "शिंपल्यांचा चुरा. पिल्लांची चोच पोचणार नाही इतक्या उंचावर ठेवलाय. जिला लागतो ती कोंबडी येऊन खाते, कुणाला सांगावं लागत नाही. तू फक्त वाटी रिकामी राहू देऊ नकोस. शिंपल्या त्या डब्यात आहेत. कुटायला वेळ लागतो, हात भरून येतात, पण कुटायच्या."

अंगणाच्या कोपऱ्यात एक लाकडी खोकं उलटं घातलेलं होतं. फळ्यांमधल्या फटी एवढ्याच रुंद, की पिल्लू सुळकन आत जाईल आणि कोंबडीची फक्त मान जाईल. आत पिल्लांची थाळी होती. भुरी नावाच्या कोंबडीने नऊ पिल्लं काढली होती आणि ती दिवसभर त्या फटींतून ये-जा करत. कळपात मास्तरीण म्हणून एक काळी धिप्पाड कोंबडी होती. पिल्लू थाळीजवळ दिसलं की ती डोक्यातच टोचा मारायची. खोक्यामुळे तिचा नाइलाज व्हायचा. ती बाहेरून फटीत डोळा लावून बसायची.

"आणि ते कोपऱ्यातलं पोतं," थोरली जाता जाता म्हणाली, "ते मोठ्यांचं आहे, पिल्लं निघायच्या आधीचं. त्याला हात लावायचा नाही."

"बरं ताई."

"कळलं ना सगळं?"

"कळलं हो. मी काय तान्ही आहे?"

थोरली हसली. रिक्षात बसताना तिने धाकटीचा हात धरला आणि म्हणाली, "तुझ्याशिवाय आहे कोण मला?" असं ती याआधी कधी बोलली नव्हती. रिक्षा वळेपर्यंत धाकटी फाटकात उभी राहिली.

सुरुवातीला सगळं छान चाललं. उजाडताच उठून ती खुराडं उघडायची. कोंबड्या धक्काबुक्की करत बाहेर यायच्या, मागून भुरी पिल्लं घेऊन यायची. धाकटी पाणी बदलायची, खोक्यातली थाळी भरायची, बाहेर मोठ्यांसाठी तेच खाद्य पसरून टाकायची. पिल्लांना तिने नावं ठेवली. नवऱ्याला जेवताना ती कोंबड्यांच्या भांडणाच्या गोष्टी सांगायची. तो म्हणायचा, "आता आमच्याकडेही जरा बघा, आम्हीही दाणे टिपायला बसलोय."

वाटीतला चुरा संपला तेव्हा तिने डबा उघडला. चार शिंपल्या खलात टाकून कुटल्या. त्या हट्टी निघाल्या, बत्ता निसटला, मनगट दुखायला लागलं. जेमतेम मूठभर चुरा निघाला. तो वाटीत टाकून ती म्हणाली, उद्या बाकीच्या कुटू. दुसऱ्या दिवशी कपडे धुवायचे होते. मग कुणीतरी भेटायला आलं. वाटी रिकामी लटकत राहिली. जाता-येता ती दिसायची आणि दिसली की धाकटी दुसरीकडे बघायची.

अंडी बेकरीवाला न्यायचा. एका सकाळी तो पिशवी परत घेऊन आला. आतली निम्मी अंडी चेपलेली, बलक गळत होता.

"बाई, हातात धरली की फुटतायत. कागदासारखं कवच झालंय," तो म्हणाला. रागाने नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. मग पिशवी खाली ठेवत म्हणाला, "थोरल्या बाई असताना असं कधी झालं नाही हो."

तो गेला तरी ते वाक्य दारातच उभं होतं. खरं तर उपाय सोपा होता. दुपारभर बसून शिंपल्या कुटायच्या, वाटी भरायची, आठवड्यात अंडी सुधारली असती. पण बेकरीवाला परवा पुन्हा येणार होता. आणि थोरलीचा फोन तर आजच येणार होता. धाकटी कोपऱ्यातल्या पोत्याशी गेली आणि तिने दोरी सोडली.

तिला काही ठाऊक नव्हतं असं नाही. हेच पुढे तिला सगळ्यात जास्त छळणार होतं. थोरलीने सांगितलेला शब्दन्‌शब्द तिच्या कानात होता. पण ती स्वतःशी म्हणाली, थोडंसं मिसळलं तर काय होतंय? चार दिवस घालू, अंडी घट्ट झाली की बंद करू. पिल्लं खोक्यातलं खातात, बाहेरचं कुठे खातात. पण बाहेर पसरलेलं पिल्लंही टिपायची, ते तिने रोज पाहिलेलं होतं.

अंडी सुधारली, आणि चांगलीच सुधारली. बेकरीवाल्याने एक अंडं बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "हात बसला बुवा तुमचा! आता थोरल्या बाई नाही आल्या तरी चालेल." धाकटी हसली. त्या दिवशी ती दिवसभर गुणगुणत होती. चार दिवस झाले, आठ झाले, पोत्याची दोरी तिने पुन्हा बांधली नाही. पिल्लांचं खाद्य संपत आलं तेव्हा दुकानात जायचाही तिला कंटाळा आला. खोक्यातल्या थाळीतही तिने तेच टाकलं. सगळ्यांना एकच, हे तर ताईंनीच सांगितलं होतं, असं ती मनात म्हणाली. आपण असं म्हणालो हे आठवलं की नंतर तिचे कान तापायचे.

थोरलीचा फोन आला. मुलगी झाली होती. दोघी फोनवर रडल्या, हसल्या. मग थोरलीने विचारलं, "पिल्लं कशी आहेत?"

"झकास."

"चुरा घालतेस ना?"

"घालते की. अंडी तर अशी घट्ट आहेत ताई, बेकरीवाला खूश आहे."

"खरंच?" थोरलीच्या आवाजात आश्चर्य होतं. धाकटीला ते आश्चर्य गोडही लागलं आणि झोंबलंही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत एक पिल्लू मागे पडायला लागलं. बाकीची भुरीच्या मागे पळायची, हे पंख पाडून उन्हात उभं राहायचं. त्याच्या मागे पांढऱ्या चुन्यासारखी पातळ विष्ठा पडत होती. धाकटीने ती पाहिली. तिने त्याच क्षणी पोतं बांधलं, ती धावत दुकानात गेली, पिल्लांचं खाद्य आणलं, थाळ्या घासून धुतल्या. मग अंगणात बसून शिंपल्या कुटत राहिली. तळहाताला फोड आले तरी कुटत राहिली.

पण उशीर झाला होता. ते पिल्लू गेलं. मग दुसरं. एक तर सकाळी खोक्यातच निपचित पडलेलं सापडलं. भुरी त्याच्याजवळ बसून त्याला चोचीने हलवत होती. नवऱ्याला कळू न देता धाकटी एकेक पिल्लू पाण्याच्या टाकीमागे पुरत होती. नऊपैकी पाच तिथे गेली. उरलेल्या चारांतलं एक लंगडत होतं.

रविवारी नवरा सुट्टीला घरी होता. चहाचा कप घेऊन तो मागच्या पायरीवर बसला आणि मधेच म्हणाला, "काय गं, पिल्लं कमी दिसतायत?"

धाकटी भांडी घासत होती. खरं सांगायला याहून सोपी वेळ तिला मिळाली नसती. तो भला माणूस होता, फार तर दोन शब्द बोलला असता. पण तिच्या तोंडून निघालं, "मांजर."

"कुठलं मांजर?"

"कुठलं म्हणजे... घड्याळवाल्यांचंच असेल. भिंतीवर बसलेलं असतं ना सारखं."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद केल्यालाही बरीच वर्षं झाली. तरी सगळे त्यांना घड्याळवाले काकाच म्हणत. त्यांच्या राखाडी मांजराचं नाव लोलक. घड्याळाच्या लोलकासारखं शेपूट हलवत भिंतीवर बसायचं म्हणून त्यांनी ते ठेवलं होतं. लोलक खरंच रोज भिंतीवर बसायचा. कोंबड्यांकडे बघायचा आणि झोपून जायचा. मास्तरीण एकदा त्याच्या अंगावर धावून गेली, तेव्हापासून तो खाली उतरला नव्हता.

धाकटीला वाटलं, नवरा जरा कुरकुरेल आणि विसरून जाईल. पण त्याने कप तसाच ठेवला आणि तो उठला. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून त्याचा चढलेला आवाज आला.

"तुमचं मांजर आवरा, काका! दुसऱ्याची ठेव सांभाळतोय आम्ही. पाच पिल्लं फस्त केलीत त्याने. वहिनी आल्यावर काय तोंड दाखवायचं?"

"लोलकने?" काकांचा आवाज बारीक होता. "नाही हो. तो तसा नाही. त्याला मी दूध-पोळी..."

"म्हणजे माझी बायको खोटं बोलते?"

धाकटी खिडकीशी उभी होती. साबणाचा फेस तिच्या कोपरावरून खाली ओघळत होता.

"छे, छे," काका म्हणाले. "तसं कसं म्हणेन मी? बाईंना मी इतकी वर्षं ओळखतो. प्राण्याची जात, शेवटी काय सांगावं."

दुसऱ्या दिवशी ते मागच्या दाराशी आले. पायातल्या चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या, जणू कुणाच्या घरी भेटायला आलेत.

"मी पोचवून आलो त्याला," ते म्हणाले. "बाजारापलीकडे धान्याचं गोदाम आहे ना, तिथला वॉचमन माझं जुनं गिऱ्हाईक. उंदीर पुष्कळ आहेत म्हणाला. खाईल, मजेत राहील. आता तुम्हांला त्रास व्हायचा नाही."

धाकटी म्हणाली, "अहो काका, एवढं कशाला..."

"नाही, नाही. चूक माझी. मी लक्ष ठेवायला हवं होतं." त्यांनी आत नजर टाकली. "तुमचं ते भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं ना? मला द्या. तेवढंच माझ्या मनाला बरं वाटेल."

ती नाही म्हणू शकली नाही. स्टुलावर चढून तिने घड्याळ उतरवलं आणि त्यांच्या हातात दिलं. संध्याकाळी ते परत आणून दिलं त्यांनी. काच पुसलेली, आतलं सगळं साफ केलेलं, ठोके कसे खणखणीत. नवरा म्हणाला, "बघ, माणूस सरळ आहे. मी जरा जास्तच बोललो का गं?" धाकटी ताटाकडे बघत राहिली. स्वयंपाकघरात त्या घड्याळाचे ठोके ऐकत बसणं तिला नकोसं झालं. भाजी चिरायलाही ती पुढच्या खोलीत जाऊन बसायची.

थोरली परतली ती नातीचे फोटो घेऊनच. आधी ते सगळे दाखवून झाले. मग ती मागच्या अंगणात गेली आणि उभी राहिली.

"अगं बाई. चारच?"

"मांजर," धाकटीचा नवरा म्हणाला. त्यानेच सगळं सांगितलं, रंगवून. धाकटी बाजूला उभी होती.

तिला वाटलं होतं, थोरली आता म्हणणार, तरी मी सांगत होते. पण थोरलीने लंगडं पिल्लू उचलून त्याच्या पायावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "जाऊ दे. मी असते तर काय मांजराला अडवलं असतं? उलट चार राखलीस. अंडीही एक नंबर." मग ती धाकटीकडे वळली. "खरं सांगू? मला वाटलं होतं, तुला झेपणार नाही. पण जमलं हो तुला."

हे शब्द ऐकायला धाकटी सारा जन्म थांबली होती. आता ते आले आणि तिला वाटलं, कुणी आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. डोकं दुखतंय म्हणून ती घरात जाऊन पडली.

दोन दिवस ती थोरलीला टाळत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी थोरली काकांना अंडी द्यायला गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली.

"माणूस पार खचलाय गं," ती अंगणातल्या बाकावर बसत म्हणाली. "दुधाची वाटी अजून भिंतीवर ठेवतात. सवय आहे म्हणे. मी म्हटलं, अहो, जनावराचा काय दोष. तर मला म्हणतात, दोष माझाच, मी त्याला शिकवण कमी पडू दिली. आता मांजराला कुणी शिकवण देतं का?"

धाकटी खुराडं झाडत होती. तिच्या हातातला झाडू थांबला.

"ताई, मांजराने काही केलं नाही."

"काय?"

"मांजर कधी खाली उतरलंच नाही. पिल्लं मी मारली." तिने कोपऱ्याकडे बोट केलं. "ते पोतं उचलून बघा."

थोरली उठली. पोतं एका हाताने सहज उचललं गेलं. तळाशी ओंजळभर भुगा होता. ती तशीच, पोतं हातात धरून उभी राहिली.

"मी तुला सांगितलं होतं."

"हो."

"शब्द शब्द सांगितलं होतं. विसरलीस?"

"नाही विसरले. तेच तर. सगळं आठवत होतं." धाकटीने स्वतःला रडू दिलं नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं. "चुरा कुटायचा कंटाळा केला. कवचं पातळ झाली. बेकरीवाला बोलला. मला दाखवायचं होतं, की मलाही..."

"मला फोन करायचास. रोज तर बोलत होतो."

"तुम्ही म्हणाला असतात, ठेव, तुला नाही जमायचं."

थोरलीने पोतं खाली ठेवलं. तिचा चेहरा आधी रागाने लाल झाला होता, तो हळूहळू उतरला.

"म्हटलं असतं," ती म्हणाली. "तसंच म्हटलं असतं."

मास्तरीण दोघींच्या मधून, काही घडलंच नाही अशा थाटात चालत गेली.

"पिल्लांचं सोड," थोरली शेवटी म्हणाली. "भुरी पुन्हा अंड्यांवर खुडूक बसेल, पुन्हा निघतील. पण तू त्या म्हाताऱ्याचं एकुलतं एक जिवाचं माणूस घराबाहेर काढलंस. त्याचं काय?"

"जाते मी त्यांच्याकडे."

"मी येऊ?"

"नको."

पण त्याआधी नवऱ्याला सांगावं लागलं. तो डेपोतून आला, हात धुतले, आणि तिने पाणी देता देताच सांगितलं. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो फक्त बसून राहिला, ग्रीसचे काळे डाग राहिलेल्या आपल्या बोटांकडे बघत.

"मी त्यांना विचारलं होतं, माझी बायको खोटं बोलते का म्हणून," तो म्हणाला. "सगळ्या गल्लीने ऐकलं असेल."

"मी सांगते त्यांना. तुमचा काही दोष नाही म्हणून."

"तुझं तू सांग. माझं मी जाऊन सांगेन." त्याने चपला घातल्या आणि तो पुढच्या दाराने बाहेर पडला. कोपऱ्यापर्यंत जाऊन तो परत आला तेव्हा ती अजून तिथेच, तांब्या हातात धरून उभी होती. तो म्हणाला, "जा आता. उशीर नको करू."

काकांच्या घरी ती कित्येक वर्षांत आत गेली नव्हती. टेबलावर भिंग, चिमटे, पितळी चाकं मांडून ठेवलेली. एका खुर्चीवर जुनी घोंगडी, तिच्यावर राखाडी केस. काका तिला त्या खुर्चीवर बसा म्हणाले नाहीत, दुसरी पुढे केली. ती बसली नाही. जसं घडलं तसं, पोत्यापासून, तिने सगळं सांगितलं. स्वतःची बाजू मांडायला तिच्याजवळ दोन-चार वाक्यं होती. ती तोंडापर्यंत आली आणि तिने गिळली.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला वाटलंच होतं, की तो असं करणार नाही," ते म्हणाले. "म्हटलंही होतं मी."

"हो काका."

"पण मग मी मानलं. तुम्ही बाईमाणूस, खोटं कशाला बोलाल." ते घोंगडीकडे बघत होते. "नेताना पिशवीत ओरडत होता सारखा. मी त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, गप, चोर कुठला." त्यांनी घोंगडी सारखी केली. "दहा वर्षं होता माझ्याजवळ. तुम्ही त्याच्यावर आळ घेतलात ते एक वेळ ठीक, तुमचा तो कुणीच नव्हता. पण मी..."

धाकटी म्हणाली, "चला, आत्ताच घेऊन येऊ त्याला."

ते लगेच उठले. क्षमा केली असं काही ते म्हणाले नाहीत, आणि तिनेही मागितली नाही.

गोदामाच्या वॉचमनने मान हलवली. मांजर एक रात्रही राहिलं नव्हतं. पोत्यांवरून उडी मारून झडपेतून पसार झालं होतं. "तुम्हांला कळवणार होतो," तो म्हणाला, "पण म्हटलं, तुम्हांला नकोच होतं ना ते."

काका गोदामाच्या मागच्या रस्त्याने चालायला लागले. तोंडाने चुकचुक करत, मधेच हाक मारत. त्यांचा आवाज लांब जात नव्हता. धाकटी दोन पावलं मागे होती. एका वळणावर त्यांनी मागे पाहिलं, तेव्हा तिला उमगलं. तिने घसा खाकरला आणि मोठ्याने हाक मारली, "लोलक! ए लोलक!" माल उतरवणारे हमाल काम थांबवून बघायला लागले. एकाने विचारलं, "मावशी, नातू हरवला का?" बाकीचे हसले. तिचं तोंड तापलं, पण तिने पुन्हा हाक मारली. अंधार पडायला लागेपर्यंत दोघं फिरले. मग दुसऱ्या दिवशी आले. त्याच्याही दुसऱ्या दिवशी. गल्लीत बातमी पसरली होती. नळावर धाकटी गेली की बायकांचं बोलणं बंद पडायचं. बेकरीवाला अंडी मोजताना एकदा म्हणाला, "काय हो, मांजरं अंड्यांचं कवचही घट्ट करतात म्हणे?" थोरलीने त्याला असं झापलं, की तो पिशवी विसरून गेला. पण धाकटीला ते बोलणं योग्यच वाटलं.

लोलक सापडला तो मासळी बाजारात. गोदामाच्या वॉचमननेच निरोप धाडला. शेवटच्या ओट्याखाली बर्फाच्या पेट्यांमध्ये तो बसला होता. वाळलेला, एक कान फाटलेला. काकांना बघून तो आला. त्यांच्या पायाला अंग घासलं, कागदातलं खाणं खाल्लं. पण काकांनी पिशवीचं तोंड उघडलं मात्र, तो पाठ कमानीसारखी करून मागे सरकला आणि पेट्यांच्या मागे नाहीसा झाला. पुन्हा गेले तेव्हाही तेच. टोपली नेली, घोंगडी नेली, काही उपयोग झाला नाही. जवळ यायचा, खायचा, पण स्वतःला उचलू द्यायचा नाही.

तेव्हापासून काका रोज संध्याकाळी बसने मासळी बाजारात जातात. धाकटीचं काम आटपलं असेल त्या दिवशी तीही जाते. बसमध्ये ती मागच्या बाकावर बसते. वाटेत फारसं बोलणं होत नाही. भुरी पुन्हा खुडूक बसली तेव्हा किती अंडी ठेवलीत एवढं काकांनी एकदा विचारलं होतं. तिने सांगितलं, त्यांनी मान हलवली.

परवा ते ओट्याजवळ वाकून कागद पसरत होते. मासेवाली नवी होती. सुरी हातात धरून ती लोलककडे संशयाने बघत म्हणाली, "कुणाचं मांजर हो हे? सारखं इथेच असतं. चोरटं नाही ना?"

काका बोलायला वर बघत होते, तोच धाकटी म्हणाली, "नाही. हा चोरी करत नाही. मला चांगलं ठाऊक आहे."

"तुमचं आहे का?"

"नाही, यांचं."

मासेवालीने खांदे उडवले आणि ती माशाचे खवले काढायला लागली. काकांनी लोलकचं खाऊन होऊ दिलं, कागदाची घडी करून खिशात घातली, आणि दोघं बस थांब्याकडे निघाले. ते पुढे, ती मागे.